भिंतीवरची सफरचंदं

नवा फ्लॅट भाड्याने घेतला, पडदे लागले, वायफाय आलं, की उरते ती जेवणाच्या टेबलावरची मोकळी भिंत. मग रात्री झोपण्याआधी मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. इम्प्रेशनिस्ट स्टिल लाइफ, फ्रेमसकट, एवढं टाकलं तरी पानंच्या पानं उघडतात. मोनेची सूर्यफुलं, रेन्वाची फळं, मानेने रंगवलेली शतावरीची जुडी. आणि त्यात हमखास एक चित्र असतं. जरासं तिरकं टेबल, त्यावर चुरगळलेला पांढरा कपडा, कललेली बाटली आणि टोपलीतून सांडलेली लाल-पिवळी सफरचंदं. कुशनच्या रंगाला मॅच होतं, किंमतही परवडते, फ्रेम काळी घ्यायची की सोनेरी यावर रूममेटशी दहा मिनिटं वाद होतो आणि ऑर्डर जाते.

त्या चित्रकाराचं नाव पॉल सेझान. त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं तेव्हा तो ५६ वर्षांचा होता. तोपर्यंत त्याची सफरचंदं एका रंगविक्याच्या दुकानात, दोन-चार मित्रांच्या घरी आणि बाकी सगळी त्याच्याच खोल्यांमध्ये पडून होती. आज जगभर लोकांच्या हॉलमध्ये लटकणाऱ्या या चित्रांना एक साधी भिंत मिळवायला किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट आहे. त्यात एक कडक बाप आहे, एक लपवलेलं कुटुंब आहे आणि एक जिवलग मित्रही आहे.

सेझानचा जन्म १९ जानेवारी १८३९ चा, दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स या गावातला. वडील लुई-ओग्युस्त यांचा हॅटचा धंदा होता. धंद्यात पैसा झाला तसा ते तो व्याजाने देऊ लागले आणि १८४८ मध्ये भागीदारीत चक्क बँक उघडली. स्वकष्टाने वर आलेला माणूस, पै-पैचा हिशोब ठेवणारा. अशा घरात पोरगा चित्रकार व्हायचं म्हणाला तर काय होईल, हे आपल्याकडच्या कुणाला वेगळं सांगायला नको.

शाळेत त्याला एक मित्र मिळाला. बारीक अंगाचा, लांबचं नीट न दिसणारा, वडील वारलेले, घरची गरिबी आणि बोलण्यात पॅरिसचा हेल. त्यामुळे बाकीची पोरं त्याला छळायची. एकदा त्याची बाजू घेतली म्हणून सेझानलाही मार पडला. दुसऱ्या दिवशी तो मित्र टोपलीभर सफरचंदं घेऊन आला, असं सांगितलं जातं. मित्राचं नाव एमिल झोला. हो, तोच, पुढे फ्रान्सचा बडा कादंबरीकार झालेला. सेझानची सगळी सफरचंदं त्या टोपलीतून आली असं म्हणण्याचा मोह होतो, पण आयुष्य इतकं सरळ नसतं. दोघं मात्र पुढची कितीतरी वर्षं एकमेकांना धरून होते. नदीवर पोहायला जाणं, डोंगर पालथे घालणं, कविता लिहिणं, सगळं जोडीने.

वडिलांच्या शब्दाखातर सेझानने कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं. संध्याकाळी गावच्या चित्रशाळेत जायचा. १८५९ मध्ये वडिलांनी गावाबाहेर ‘जा द बुफाँ’ नावाची मोठी वाडी घेतली. तिथल्या दिवाणखान्याच्या भिंती पोराने रंगवून काढल्या, चार ऋतूंची चार मोठी चित्रं. खाली सही काय केली, तर आंग्र! आंग्र म्हणजे त्या वेळचा सगळ्यात मान्यवर चित्रकार. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचा हा खवचट विनोद बापाने आपल्याच घराच्या भिंतीवर चालवून घेतला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे या बापाला खलनायक ठरवायची घाई होते.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अखेर परवानगी मिळाली आणि तो पॅरिसला गेला. झोला आधीच तिथे होता. सरकारी कलाशाळेने सेझानला प्रवेश नाकारला. काही महिन्यांतच तो हिरमुसून गावी परतला आणि वडिलांच्या बँकेत कारकुनी करू लागला. वर्षभरात कळून चुकलं की हे आपल्याच्याने होणार नाही, आणि १८६२ च्या अखेरीला तो पुन्हा पॅरिसला आला. वडिलांनी महिन्याचे पैसे बांधून दिले. फार नाहीत, पण पोट भरेल एवढे.

त्या काळी फ्रान्समध्ये चित्रकाराचं नशीब एकाच ठिकाणी ठरायचं, सलोंमध्ये. सलों म्हणजे सरकारी मान्यतेचं मोठं प्रदर्शन. तिथे चित्र लागलं तर गिऱ्हाईक, नाही तर काहीच नाही. सेझान चित्रं पाठवत राहिला आणि परीक्षक परत पाठवत राहिले, वर्षामागून वर्षं. त्याची तेव्हाची चित्रं होतीही तशी, काळ्या रंगाचे जाड थर, ब्रशऐवजी सुरीने थापलेले. बघणाऱ्याला धडकी भरावी अशी.

१८६६ मध्ये त्याने वडिलांचं एक चित्र काढलं. जवळजवळ माणसाएवढं उंच. म्हातारा डोक्यावर टोपी घालून उंच पाठीच्या खुर्चीत बसलाय आणि पेपर वाचतोय. पेपर कोणता, तर ज्यात झोलाने नव्या चित्रकारांची बाजू घेऊन लिहिलं होतं तो. वडील एरवी तो पेपर वाचत नसत. आणि खुर्चीच्या मागे भिंतीवर एक छोटंसं चित्र टांगलेलं दिसतं. साखरेचं भांडं, नाशपाती आणि एक निळा कप. ते सेझाननेच नुकतं काढलेलं स्थिरचित्र. म्हणजे बघा, बापाच्या हातात मित्राचा पेपर दिला आणि डोक्यामागे स्वतःचं चित्र लावलं. प्रत्यक्षात जे होत नव्हतं ते पोराने कॅनव्हासवर घडवून आणलं. सेझानच्या स्थिरचित्रांना घरातली भिंत मिळाली ती पहिल्यांदा अशी, रंगातली. मूळ चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. प्रिंट घ्यायचीच तर मी सफरचंदांच्या आधी ही घेईन, पण जेवणाच्या टेबलावर दुसऱ्याचा बाप कोण लावणार!

१८६९ मध्ये त्याची ऑर्तांस फिकेशी ओळख झाली. एकोणीस वर्षांची, पुस्तकबांधणीचं काम करणारी, चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणारी. दोघं एकत्र राहू लागले. पुढच्या वर्षी प्रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा सैन्यभरती चुकवून सेझान समुद्रकाठच्या लेस्ताक गावी तिच्यासोबत लपून राहिला. जानेवारी १८७२ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव पॉल. हे सगळं वडिलांना माहीत नव्हतं. कळलं तर महिन्याचे पैसे बंद होतील ही भीती. तिशी ओलांडलेला बाप्या, स्वतः एका मुलाचा बाप, आणि स्वतःच्या बापापासून मूल लपवतोय!

या काळात त्याला खरा गुरू भेटला, कामीय पिसारो. वयाने आठ-नऊ वर्षांनी मोठा, स्वतः कफल्लक, पण माणूस सोन्यासारखा. पिसारोने त्याला उन्हात नेलं. काळा रंग बाजूला ठेव आणि समोर दिसतं ते बघ, एवढीच शिकवणी. पाँत्वाज आणि ओव्हेर या गावांत दोघं शेजारी शेजारी उभे राहून चित्रं काढायचे. सेझानची रंगपेटी उजळली ती इथे. आडदांड थापाथापी गेली आणि छोटे छोटे, शेजारी शेजारी ठेवलेले ब्रशचे फटकारे आले.

१५ एप्रिल १८७४ ला पॅरिसमध्ये मोने, रेन्वा, पिसारो, देगा वगैरे मंडळींनी सलोंला फाटा देऊन स्वतःचं प्रदर्शन भरवलं. तेच पुढे इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन म्हणून गाजलं. सेझानची तीन चित्रं त्यात होती आणि सगळ्यात जास्त टिंगल त्याचीच झाली. १८७७ च्या प्रदर्शनात त्याने सोळाएक कामं लावली, त्यात स्थिरचित्रंही होती. पुन्हा तेच. त्यानंतर तो त्यांच्या प्रदर्शनात दिसला नाही. म्हणून पुस्तकं त्याला इम्प्रेशनिस्टांच्या नंतरच्या पंगतीत बसवतात. तो शब्द मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १९१० मध्ये लंडनमध्ये निघाला. प्रिंट विकणारे त्याला इम्प्रेशनिस्टांच्याच खान्यात टाकतात, तर मला त्यात फारसं चुकीचं वाटत नाही.

त्याची चित्रं तेव्हा मिळण्याचं ठिकाण म्हणजे तांगी नावाच्या रंगविक्याचं छोटं दुकान. सेझान रंग न्यायचा आणि पैशाऐवजी चित्रं ठेवायचा. तिथे रेन्वा एकदा व्हिक्तोर शोके या कस्टममधल्या कारकुनाला घेऊन गेला. पगार बेताचा, पण चित्रं जमवायचं वेड. शोकेला सेझानचं एक छोटं चित्र फार आवडलं, त्याने घेतलंही. पण बायकोला काय सांगायचं? मग दोघांनी बेत केला. रेन्वाने ते चित्र हे माझं म्हणून शोकेच्या घरी न्यायचं, दाखवायचं आणि निघताना विसरून जायचं. बायकोच्या नजरेला सवय झाली की खरं सांगायचं. किस्सा अगदी असाच घडला का देव जाणे, पण शोके पुढे सेझानचा पक्का पाठीराखा झाला. १८७७ च्या प्रदर्शनात तो दिवसदिवस उभा राहून हसणाऱ्यांशी हुज्जत घालायचा. सेझानला हक्काची भिंत देणाऱ्या मोजक्या घरांपैकी एक या कारकुनाचं.

आणि याच शोकेच्या हातून अनवधानाने घोळ झाला. १८७८ मध्ये त्याने सेझानला एक्सच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. त्यात बायको आणि छोट्या पॉलचा उल्लेख. घरी आलेली पत्रं फोडून वाचायची वडिलांची सवय होती. सगळं उघड झालं. तरी सेझान कबूल होईना. वडिलांनी महिन्याचे २०० फ्रँक निम्म्यावर आणले. ऑर्तांस आणि मुलगा तेव्हा मार्सेलला राहत होते. सेझान लपूनछपून त्यांना भेटायला जायचा आणि जेवणाच्या वेळेला घरी हजर राहायचा. एकदा गाडी चुकली. घरी संशय नको म्हणून हा गडी मार्सेलहून एक्सला तीसएक किलोमीटर चालत आला आणि तरी जेवणाला तासभर उशीर झालाच. वय वर्षं ३९.

अशा वेळी झोला धावून आला. त्याची कादंबरी तेव्हा धडाक्यात खपत होती. दर महिन्याला ६० फ्रँक तो ऑर्तांसला पाठवत राहिला, कितीतरी महिने. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी पावसाळा सरता सरता वडिलांनी काहीही न बोलता पोराच्या हातावर ३०० फ्रँक ठेवले. म्हाताऱ्याला सगळं कळलेलं होतं.

आता सफरचंदांकडे येऊ. आपल्यापैकी जे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसले असतील त्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. बादली, वांगं, मागे घड्या पाडलेला कपडा. भांड्याचं तोंड नीट लंबगोल आलं पाहिजे, टेबलाची कड सरळ पाहिजे, सावली एका बाजूला पाहिजे. त्या पेपराला सेझान बसला असता तर नापास झाला असता. ‘सफरचंदांची टोपली’ हे १८९३ च्या सुमाराचं त्याचं प्रसिद्ध चित्र घ्या, मूळ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. टेबलाची पुढची कड कपड्याच्या डावीकडे एका उंचीवर आहे आणि उजवीकडे दुसऱ्याच. बाटली कललेली. ताटलीतली बिस्किटं खालची बाजूने दिसतात आणि वरची वरून. टोपली आत्ता पडेल असं वाटतं आणि पडत मात्र काहीच नाही. बाटली डावीकडे झुकली म्हणून बिस्किटांची चळत उजवीकडे सावरून धरते, कपड्याच्या घड्या सफरचंदांना अडवतात. एक गोष्ट सरळ केलीत तर बाकी सगळं घसरेल.

त्याला रेषा सरळ काढता येत नव्हती असं नाही. मुद्दा बघण्याचा होता. फोटो एका क्षणात, एका डोळ्याने काढला जातो. माणूस तसं बघत नाही. तो मान हलवतो, बसतो, उठतो, उद्या पुन्हा येतो. सेझान एकाच टेबलासमोर आठवडेच्या आठवडे बसायचा आणि दर वेळी जे दिसलं ते तिथल्या तिथे नोंदवायचा. शिवाय गोलाई आणायला त्याने काळी सावली वापरली नाही. पिवळ्याशेजारी नारिंगी, त्याशेजारी लाल, मग एखादा हिरवट किंवा निळसर फटकारा, आणि सफरचंद हातात धरावंसं जड होतं. म्हणूनच प्रिंट निवडताना एवढं बघा, रंग भडक करून ठेवलेत का. बऱ्याच स्वस्त प्रिंट्समध्ये लाल इतका पेटलेला असतो की तो निळा-हिरवा फटकारा गडपच होतो, आणि मग राहतं ते नुसतं कॅलेंडर.

टेबल मांडायलाच त्याचे तासन् तास जायचे. लुई ल बाय या तरुण चित्रकाराने ते पाहिलं होतं. कपडा अंथरायचा, फळं ठेवायची, लालशेजारी हिरवं येतंय ना बघायचं, आणि फळ हवं तसं कलावं म्हणून त्याच्याखाली एक-दोन नाणी सरकवायची. बँकरच्या मुलाने नाण्यांचा केलेला हा सगळ्यात चांगला उपयोग! एवढं करून रंगवायला इतका वेळ की फळं नासायची. फुलं तर त्याहून आधी मान टाकायची, म्हणून तो कागदाची फुलं वापरायचा. सफरचंद त्यातल्या त्यात टिकाऊ आणि तक्रार न करणारं. माणसांची गोष्ट वेगळी. पुढे व्होलार नावाच्या चित्रविक्याचं व्यक्तिचित्र त्याने काढायला घेतलं. खोक्यावर ठेवलेल्या खुर्चीत बसल्या बसल्या व्होलारला डुलकी लागली आणि तो खुर्चीसकट खाली आला. सेझान भडकला. सफरचंद कधी हलतं का, असा त्याचा सवाल. व्होलार ११५ वेळा बसला. शेवटी सेझानने चित्र अर्धवट सोडलं आणि शर्टाचा पुढचा भाग बरा जमलाय एवढं सर्टिफिकेट स्वतःला दिलं.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलायला हवी. एकेका चित्राला इतका वेळ देणं परवडलं ते वडिलांच्या पैशामुळे. पिसारोला सहा-सात पोरांची तोंडं भरायची होती, त्याला विकेल असं काढावं लागायचं. सेझानला महिन्याचे फ्रँक येत होते, कमी-जास्त, कुरकुरत, पण येत होते. ज्या बापाच्या धाकाने त्याने अर्धं आयुष्य चोरट्यासारखं काढलं, त्याच बापाने नकळत त्याला वेळ विकत घेऊन दिला. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

सलोंमध्ये त्याचं चित्र लागलं ते एकदाच, १८८२ मध्ये, ४३ व्या वर्षी. तेही परीक्षक मंडळातल्या एका मित्राने स्वतःचा शिष्य म्हणून नाव दाखवल्यावर. वशिला म्हणतात तो हाच.

मग आलं १८८६. या एका वर्षात सगळंच घडलं. झोलाची नवी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक एक चित्रकार, प्रचंड प्रतिभा असलेला पण काहीच पूर्ण करू न शकणारा, शेवटी आपल्याच अपुऱ्या चित्रासमोर गळफास घेणारा. त्यात बालपणीची नदी, डोंगर, पोहणं, सगळं सेझानचं. त्याने झोलाला आभाराचं छोटंसं, कोरडं पत्र पाठवलं. मैत्री तिथेच तुटली असं शंभर वर्षं सांगितलं गेलं. पुढे त्यानंतरच्या वर्षाचं आणखी एक पत्र उजेडात आलं, तेव्हा एका फटक्यात तुटली असं म्हणता येत नाही. पण विरत गेली हे खरं. साठ फ्रँक पाठवणाऱ्या मित्राला आपण आतून अपयशी वाटत होतो, हे छापील पुस्तकात वाचायला मिळणं, याहून वाईट काय असेल? १९०२ मध्ये झोला वारल्याची बातमी आली तेव्हा सेझान स्टुडिओचं दार लावून रडत बसला, असं त्याच्या जवळचे सांगत.

त्याच १८८६ च्या एप्रिलमध्ये त्याने ऑर्तांसशी रीतसर लग्न केलं. आई-वडील हजर होते. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. ऑक्टोबरमध्ये वडील गेले, ८८ वर्षांचे होऊन. पोराला आणि दोन्ही मुलींना मिळून एवढं ठेवून गेले की पैशाची ददात कायमची मिटली. ४७ व्या वर्षी सेझान श्रीमंत झाला. आणि केलं काय, तर दुसऱ्या दिवशीही तेच टेबल, तोच कपडा, तीच सफरचंदं. ऑर्तांसला पॅरिस आवडायचं, त्याला एक्स. दोघं बहुतेक वेगवेगळेच राहिले.

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये व्होलारने पॅरिसमधल्या आपल्या लहानशा दुकानात त्याचं प्रदर्शन भरवलं. सुमारे दीडशे चित्रं, जागा कमी म्हणून आलटून पालटून लावलेली. सलोंमधल्या चित्रांना जाडजूड सोनेरी नक्षीच्या चौकटी असत. इम्प्रेशनिस्टांनी तो रिवाज आधीच मोडला होता, पिसारो तर आपली चित्रं पांढऱ्या चौकटीत लावायचा, रंगाला रंग मारत नाही म्हणून. व्होलारने साध्या लाकडाच्या स्वस्त पट्ट्या ठोकल्या आणि काम भागवलं. तेव्हा फ्रेमवरून रूममेटशी वाद झाला तर हा दाखला द्या. सेझान स्वतः फिरकलाही नाही. पण आले ते चित्रकारच. देगा, रेन्वा, मोने, पिसारो. ज्यांच्यासोबत वीस वर्षांपूर्वी टिंगल सोसली ते हे सगळे आता चित्रं विकत घेत होते.

गोगँकडे तर आधीपासूनच सेझानचं एक स्थिरचित्र होतं. फळांची बशी, ग्लास, सफरचंदं आणि सुरी. शेअर बाजारात नोकरी होती तेव्हा घेतलेलं. नोकरी गेली, कर्ज झालं, तरी ते चित्र विकायला तो तयार नव्हता. १८९० मध्ये त्याने एका बाईचं व्यक्तिचित्र काढलं, त्यात तिच्या मागे हेच स्थिरचित्र दिसतं. वडिलांच्या खुर्चीमागे सेझानला स्वतः टांगावं लागलं होतं, आता दुसरा कुणी ते आपल्या चित्रात घेत होता. शेवटी आजारपणाच्या खर्चासाठी गोगँला ते सोडावं लागलं.

म्हातारपण एकटं गेलं. मधुमेह होता. १८९७ मध्ये आई वारली. दोन वर्षांनी ‘जा द बुफाँ’ विकावं लागलं, वाटण्यांसाठी. मग गावावरच्या टेकडीवर, लोव्हला, त्याने नवा स्टुडिओ बांधून घेतला, उत्तरेला मोठी खिडकी असलेला. १९०२ पासून तो रोज तिथे चढून जायचा. आल्याची हिरवट बरणी, प्लास्टरचा मदन, तीन कवट्या, टेबल. त्यातल्या बऱ्याच वस्तू आजही तिथे बघायला मिळतात. गावातली पोरं त्याला दगड मारायची म्हणे. गावच्या म्युझियमच्या प्रमुखाने तर आपण जिवंत असेपर्यंत सेझानचं चित्र आत येऊ देणार नाही असं ठरवलं होतं, आणि ते पाळलंही.

१५ ऑक्टोबर १९०६ ला तो बाहेर चित्र काढत असताना वादळी पावसात सापडला. बराच वेळ भिजला, कोसळला. कपडे धुणाऱ्याच्या गाडीतून त्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा उठून बागेत गेला, माळ्याचं अर्धं राहिलेलं चित्र पुढे न्यायला. परत आला तो अंथरुणाला खिळला. आठवड्याभरात न्यूमोनियाने गेला. तार मिळूनही ऑर्तांस आणि मुलगा वेळेवर पोहोचले नाहीत.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याची ५६ कामं एकत्र लागली आणि तरुण चित्रकारांची झोप उडाली. पिकासो, ब्राक, मातीस, सगळ्यांनी त्याचं कर्ज मान्य केलं. ते वारं आपल्याकडेही पोहोचलं. जेजेमधून बाहेर पडलेले, मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले सय्यद हैदर रझा १९४८ मध्ये काश्मीरला चित्रं काढत होते. तिथे त्यांची गाठ फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँशी पडली. चित्रं चांगली आहेत पण बांधणी कमी पडते, सेझानचा अभ्यास करा, असा सल्ला त्याने दिला. रझांनी मुंबईत फ्रेंच शिकायला घेतलं आणि १९५० मध्ये ते पॅरिसला गेले.

किमतीचं म्हणाल तर १९९९ मध्ये त्याचं पडदा, सुरई आणि फळांच्या बशीचं स्थिरचित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सहा कोटी डॉलरच्या वर गेलं. ते कुणाच्या भिंतीवर आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय. मला जास्त आवडतो तो दुसरा किस्सा. मार्च १९१८, महायुद्ध चालू होतं, पॅरिसवर जर्मन तोफांचे गोळे पडत होते आणि तिथे देगाच्या संग्रहाचा लिलाव होता. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स ब्रिटिश सरकारच्या कामासाठी तिथे गेला होता. त्याने स्वतःसाठी सेझानचं एक छोटं स्थिरचित्र घेतलं. नुसती सात सफरचंदं, बशी नाही, टेबलाची कडही धड नाही. इंग्लंडला परतल्यावर एका राजकारण्याच्या मोटारीने त्याला मित्रांच्या शेतघराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी सोडलं. सामान जड होतं. तेव्हा सेझान कुंपणाच्या झुडपात ठेवून केन्स घरापर्यंत चालत गेला आणि जेवायला बसलेल्या मंडळींना सांगितलं की रस्त्यावर झुडपात एक सेझान पडलाय. जेवण टाकून सगळे पळत सुटले.

ते चित्र साधारण १९ बाय २७ सेंटिमीटरचं आहे, ए-फोर कागदाहून जरा लहान. सेझानला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे त्याच्या चित्रांवर आता कुणाचा कॉपीराइट नाही, आणि शिकागोसारखी काही म्युझियम्स आपल्याकडच्या सेझानच्या मोठ्या, स्वच्छ इमेज फुकट डाउनलोड करू देतात. चांगल्या मॅट कागदावर प्रिंट काढायची आणि कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडून साधी पांढरी पट्टी मारून घ्यायची. जेवणाच्या टेबलावर लावा, पण जरा डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे बसल्यावर दिसेल. चित्र भिंतीवर किंचित तिरकं लागलं तरी बिघडत नाही.